पडायच्या भीतीवर इलाज घेतला, त्याबद्दल

पडण्याच्या भीतीवर इलाज असतो आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं, हे मला वयाच्या ७१व्या वर्षी कळलं. हाड मोडलं तर दवाखाना, चक्कर आली तर दवाखाना, पण नुसती भीती वाटते म्हणून कोण जातं? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या काही जणींनी मला वेगवेगळं गाठून, अगदी हळू आवाजात विचारलं की बाई तुम्ही नक्की काय केलंत. म्हणून सगळं लिहून काढतेय, खर्चासकट. मी नाशिकला राहते, दुसरा मजला, लिफ्ट नाही, एकटी. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा-सून बंगलोरला असतात.

ऑगस्ट २०२४. पावसाळी हवा, बाल्कनीतून कपडे काढून आत येताना ओल्या फरशीवर पाय सटकला आणि मी हॉलच्या दारात कुशीवर पडले. दुखत होतं पण हातपाय हलत होते, शुद्ध होती, आणि तरी मला उठता येईना. हात टेकून जोर लावला तर गुडघे साथ देईनात, सोफ्याकडे सरकावं तर गाऊन पायाखाली यायचा. फोन किचनच्या ओट्यावर. पोळ्यांच्या मावशी यायला तासभर तरी होता आणि तो सगळा वेळ मी तशीच जमिनीवर, पंख्याकडे बघत. शेवटी त्या आल्या, समोरच्या वहिनींकडे आमची किल्ली असते ती घेऊन दार उघडलं आणि दोघींनी मिळून मला उचललं.

एक्सरे काढला, खुब्याचा आणि मनगटाचा, तपासणी धरून साधारण १,४०० रुपये गेले. कुठेही फ्रॅक्चर नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नशीबवान आहात आजी, आता जपून राहा. मुक्का मार आठ-दहा दिवसांत बरा झाला.

आणि मग खरं सुरू झालं. आधी बाल्कनी बंद केली. मग आंघोळ मावशी घरात असतानाच करायची असं ठरवलं, त्या नाही आल्या तर नुसतं हातपाय तोंड धुवायचं. घरात चालताना एक हात भिंतीला, पावलं इतकी लहान की हॉलमधून किचनमध्ये जायलाच वेळ लागायचा. जिना उतरायचा म्हटलं की तळहाताला घाम. गणपतीची मूर्ती दरवर्षी मी स्वतः जाऊन निवडते, त्या वर्षी वहिनींच्या मुलाला आणायला सांगितली. दिवाळीत रांगोळी नाही, खाली बसायचं कसं आणि उठायचं कसं. संघाच्या मीटिंगला जाणं बंद. मुलगा रोज रात्री फोन करायचा आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, "आई, पडू नकोस हं, जपून." त्याची काळजी मला कळत होती पण फोन ठेवला की ते वाक्य डोक्यात फिरत राहायचं आणि मी बाथरूमला जायलासुद्धा घाबरायचे. म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणं बंद केलं, रात्री उठायलाच नको.

नोव्हेंबरमध्ये त्याचंच झालं, लघवीला जळजळ, अंगात ताप. आमचे फॅमिली डॉक्टर जुने आहेत, त्यांनी औषध लिहिता लिहिता विचारलं, बाई पाणी का पीत नाही? मी सांगितलं. पेन खाली ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर पेशंट ताटकळलेले असताना. मग म्हणाले की ही भीती म्हणजे तुमचा स्वभाव नाही, ही एक तक्रार आहे आणि म्हातारपणी ती खूप जणांना असते, कधीच न पडलेल्या माणसांनासुद्धा असते. माणूस घाबरतो म्हणून हालचाल कमी करतो, हालचाल कमी केली की पायातली ताकद आणि तोल जातो, आणि मग पडण्याची शक्यता खरोखरच वाढते. तीन महिन्यांत माझ्या मांड्या किती बारीक झाल्यात ते मलाही आंघोळ करताना दिसत होतं, पण मी ते वयावर ढकललं होतं.

त्यांनी त्याच दिवशी एक साधी गोष्ट केली जी आधी कोणीच केली नव्हती. आडवं झोपवून बीपी घेतलं आणि मग उभं करून पुन्हा घेतलं. झोपून वरचं १४६, उभं राहिल्यावर १२०. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त उतरलं तर ते बघावं लागतं म्हणे, कारण उठल्या उठल्या डोळ्यापुढे अंधारी येते ती त्यामुळे. माझी एक बीपीची गोळी कमी केली. झोपेची गोळी मी ह्यांच्या जाण्यानंतर सुरू केली होती ती चालूच होती, तीसुद्धा हळूहळू अर्धी, मग पाव, करत काही आठवड्यांत बंद केली. (हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच करायचं, झोपेची गोळी एकदम बंद करायची नसते, आणि बीपीची तर मुळीच स्वतःच्या मनाने हलवू नका.) रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडून घोटे वरखाली करायचे, मग उभं राहायचं, आणि लगेच चालू पडायचं नाही. त्यांनी व्हिटॅमिन डी, बी-१२ च्या तपासण्या आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा स्कॅन लिहून दिली. डेक्सासाठी आठवडाभर थांबावं लागलं, २,८०० रुपये. टी-स्कोअर उणे २.१ आला, म्हणजे हाडं विरळ आहेत पण ऑस्टिओपोरोसिस म्हणतात तिथपर्यंत नाहीत, ते उणे २.५ पासून धरतात. डी खूपच कमी होतं, त्यासाठी ६०,००० युनिटची पावडर आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची असा कोर्स दिला.

चष्म्याचंही सांगते कारण हे कोणी सांगत नाही. माझा प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, खालचा भाग वाचायचा. जिना उतरताना आपण खाली बघतो आणि नेमकी पायरी त्या वाचायच्या भागातून धूसर दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहेर जाण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करायला सांगितला. साधी फ्रेम घेतली, १,२०० रुपयांत झाला. जिन्यावर पहिल्याच दिवशी फरक जाणवला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फिजिओथेरपी सुरू केली. मी समजत होते की फिजिओ म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला शेक आणि मशीन. ही मुलगी वेगळी निघाली, बॅलन्सचंच काम जास्त करते. मला काकू म्हणते. तिने आधी १६ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, प्रत्येक कामाला पडण्याची किती काळजी वाटते, अजिबात नाही ते खूपच, १ ते ४ मार्क. आंघोळ, कपडे घालणं, जिना, ओली जागा, गर्दी, कोणाकडे समारंभाला जाणं. कमीत कमी १६ आणि जास्तीत जास्त ६४. माझे ४३ आले. आयुष्यभर मार्क दिले मी, शाळेत शिकवायचे, आणि इथे भीतीला मार्क मिळताना बघून का कोण जाणे पण बरं वाटलं, म्हणजे ही गोष्ट मोजता येते आणि माझ्या एकटीच्या डोक्यातली नाही.

मग खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं आणि ती घड्याळ लावणार. मला १९ सेकंद लागले. १२ किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. ती म्हणाली की ६५च्या पुढे साधारण तिघांमागे एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, त्यामुळे कधीच पडणार नाही अशी गॅरंटी मी देणार नाही काकू, पण पडण्याची शक्यता कमी करू आणि पडलात तर काय करायचं ते शिकवीन.

व्यायाम न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात म्हाताऱ्या माणसांसाठी तयार केलेल्या पद्धतीवर आहेत, १९९० च्या दशकातले, घरच्या घरी करायचे. बघायला अगदी साधे. किचनच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या, मग चवडे उचलायचे. घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पट्टी बांधून खुर्चीत बसून पाय सरळ करायचा. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं-बसायचं. एका पावलापुढे दुसरं पाऊल अगदी टाचेला अंगठा लावून ठेवायचं आणि तसंच उभं राहायचं, मग तसंच चालायचं. बाजूला चालायचं. मागे चालायचं, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. आठवड्यातून तीन दिवस, ओटा धरून, नंतर एका बोटाने धरून, नंतर हात नुसता वर ठेवून. घरी येऊन शिकवायचे ७०० रुपये, तिच्या क्लिनिकला गेलं तर ४००. पहिला महिना घरी, नंतर क्लिनिकला जायचं हाही उपचाराचाच भाग होता कारण त्यासाठी जिना उतरावा लागतो.

जिन्यासाठी तिने एक नियम दिला. चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे मला कधीच माहीत नव्हतं. काठीची उंची म्हणजे हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथपर्यंत. खालचं रबर झिजलं की बदलायचं, ४०-५० रुपयांत मिळतं. मला काठी म्हणजे संपलंच असं वाटायचं, पण नाशिकच्या फुटपाथवर ती हातात असली की रिक्षावाले सुद्धा थांबतात, हा फायदा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जानेवारीत एक दिवस तिने विचारलं, काकू डोळे मिटून सांगा, पडायची भीती वाटते म्हणजे डोळ्यासमोर नक्की काय येतं? मी खूप वेळ गप्प होते. पडतानाचं काही येतच नव्हतं. जे यायचं ते म्हणजे तो जमिनीवरचा तास, पंखा, आणि आपलंच शरीर आपल्याला उठू देत नाही ते. मी म्हटलं, मला पडण्यापेक्षा पडून राहायची भीती वाटते. ती म्हणाली मग आपण उठायला शिकू.

आणि तिने उलटीकडून शिकवलं. आधी उठणं नाहीच, आधी खाली जाणं, तेही टप्प्याटप्प्याने. पलंगाची कड धरून एक गुडघा दुमडलेल्या गोधडीवर टेकवायचा आणि परत उभं राहायचं. ते जमलं की दोन्ही गुडघे. ते जमलं की हात खाली टेकून रांगायच्या पोझिशनमध्ये. मग एका बाजूला बसायचं. मग कुशीवर झोपायचं. प्रत्येक टप्प्यावरून परत वर. गुडघे दुखायचे, एकदा तर मी चिडून तिला म्हटलं की मला नाही जमणार, तर ती तिथेच माझ्याशेजारी जमिनीवर बसली, चहा घेऊया म्हणाली, आणि आम्ही दोघींनी खाली बसूनच चहा घेतला.

पूर्ण क्रम असा आहे, ज्यांना हवा त्यांनी आधी कोणाच्या तरी समोर शिका, एकटीने प्रयोग नको. पडल्यावर लगेच धडपडायचं नाही. श्वास घ्यायचा, हात हलतात का, पाय हलतात का बघायचं. खुब्यात किंवा मानेत जोरात दुखत असेल, पाय उचलत नसेल, डोक्याला मार असेल तर उठायचं नाही, हाताशी येईल ते चादर-पांघरूण अंगावर ओढून घ्यायचं आणि हाक मारायची, फोन करायचा. तसं काही नसेल तर कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, मग दुसऱ्या हाताने रेटा देऊन अर्धवट बसायचं. तिथून हात-गुडघ्यांवर, आणि रांगत एखाद्या भक्कम वस्तूपर्यंत, पलंग किंवा लाकडी खुर्ची, प्लास्टिकची नको, ती उलटते. दोन्ही हात बैठकीवर, मग ज्या पायात जास्त ताकद आहे त्याचं पाऊल पुढे जमिनीवर, जोर लावून वर, वळून बसायचं. आणि बसल्यावर लगेच उठायचं नाही.

फेब्रुवारीत मी पहिल्यांदा कोणाचाही हात न लागता जमिनीवरून उठले. त्या संध्याकाळी देवघरासमोर पाटावर बसून दिवा लावला, ऑगस्टपासून मी तो उभ्यानेच लावत होते. मुलाला व्हिडिओ कॉलवर उठून दाखवलं. तोपर्यंत तो मला बंगलोरला ये म्हणून मागे लागला होता, त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "आई, परत एकदा दाखव." त्या दिवसापासून फोनवरचं ते "जपून" गेलं, आता विचारतो आज व्यायाम झाला का.

घरातले बदल त्याच सुमारास केले. बाथरूममध्ये स्टीलचे धरायचे बार, एक कमोडशेजारी, एक नळाजवळ, एक आत शिरताना. प्रत्येकी ८५० चे तीन आणि बसवायचे ९००. रबरी चकतीने भिंतीला चिकटणारे बार मिळतात ते घेऊ नका, ओल्या टाईल्सवरून सुटतात आणि आपण तर सगळं वजन त्याच्यावर टाकलेलं असतं. ड्रिल करूनच बसवायचे, आणि उंची ठरवताना ज्याला वापरायचेत त्याला तिथे उभं करा, फिटर त्याच्या उंचीने बसवून जातो. आंघोळीला स्टूल घेतलं, पायांना रबरी बूच असलेलं. पायपुसणी सगळी काढली. बाथरूमच्या उंबऱ्याला पिवळी टेप लावली कारण फरशी आणि उंबरा एकाच रंगाचे. पलंगापासून बाथरूमपर्यंत चालताना आपोआप लागणारे दोन सेन्सरचे दिवे, ३५० ला एक. गाऊन सगळे घोट्याच्या वर येतील इतके आखूड करून घेतले. सपाता टाकून मागे पट्टा असलेली चप्पल घरातही. फोन गळ्यात अडकवायच्या पिशवीत, बाथरूममध्येसुद्धा. आणि रात्री दाराला आतून कडी लावत नाही, लॅच असतं, म्हणजे वहिनी किल्लीने उघडू शकतात. चोरांचं काय म्हणून काही जणी विचारतात, मी सेफ्टी डोअरलाही किल्लीनेच उघडणारं कुलूप बसवून घेतलंय.

जिन्याचं काम सगळ्यात रेंगाळलं. आमच्या बिल्डिंगला कठडा एकाच बाजूला, आणि उतरताना माझा डावा हात मोकळा राहायचा. भिंतीच्या बाजूने पाईप हवा म्हणून जानेवारीत सोसायटीला अर्ज दिला. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर सेक्रेटरींची सही-तारीख घेऊन आपल्याकडे ठेवा, ती मला पुढे दोनदा दाखवावी लागली. कमिटीने तीन कोटेशन मागितली, मग भिंतीचा रंग खराब होईल म्हणून एकांची हरकत, मग मार्चएण्डचे हिशोब. मी बिल्डिंगमधल्या साठीच्या पुढच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, त्यासाठी प्रत्येक मजल्यावर स्वतः गेले, हाच माझा जिन्याचा सराव. सह्या घेताना लक्षात आलं की तिसऱ्या मजल्यावरचे काका कित्येक महिने खाली उतरलेच नव्हते आणि ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. एप्रिलमध्ये दुरुस्ती निधीतून काम झालं, ३३,००० च्या आसपास.

आयुष्मान वय वंदना कार्डही याच काळात काढलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालंय, आधारप्रमाणे ७० पूर्ण असले की उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. माझ्या आधारला ह्यांचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला, त्यामुळे ओटीपीच येईना. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला, तेव्हा ५० रुपये फी होती, अपडेट व्हायला काही दिवस लागले, मग वहिनींच्या मुलाने ॲपवर घरीच करून दिलं. मात्र हे ॲडमिट झाल्यावरच चालतं, घरचं फिजिओ, डेक्सा, बार यातलं काही त्यात येत नाही, तो सगळा खर्च पेन्शनमधून केला. ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत आहे आणि वय ६५ पूर्ण आहे त्यांच्यासाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, एकदाच ३,००० रुपये आधार जोडलेल्या खात्यात येतात, चष्मा, काठी, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची असं घेण्यासाठी. अर्ज समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात. मावशींच्या सासूबाईंचा भरून दिलाय, स्वयंघोषणापत्र जोडायला विसरू नका आणि खरेदीची पावती जपून ठेवा. कुठे काय मिळतं हे विचारायला १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाईन नंबर आहे, फुकट आहे.

मे महिन्यातल्या एका सोमवारी वहिनींबरोबर कपालेश्वराला गेले. पायऱ्या बऱ्याच आहेत, मधे दोनदा थांबले, उतरताना कठडा सोडला नाही. गर्दीत एका बाईचा धक्का लागला, तोल गेला आणि सावरला, पाऊल आपोआप बाजूला पडलं, त्या बाजूला चालायच्या कंटाळवाण्या व्यायामातलं तेच पाऊल.

जूनमध्ये पुन्हा तपासणी झाली. तीन मीटरला १३ सेकंद, फॉर्मवर २७. ओल्या जागेच्या प्रश्नाला अजून ३च मार्क दिलेत मी, ती भीती आहे आणि फिजिओ म्हणाली ती असू दे, ओल्या फरशीची भीती शहाणपणाची आहे. व्यायाम मात्र थांबवायचा नाही, थांबवला की ताकद उतरते. मधे सर्दीतापाने आठवडाभर सुटला तर टाचा उचलतानाच कळलं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा गुडघा दुखतो, जरा अशक्तपणा आहे, असं गोल गोल सांगू नका. "मला पडायची भीती वाटते आणि त्यामुळे मी अमुक अमुक करणं बंद केलंय" असं सरळ सांगा, बंद केलेल्या गोष्टींची यादी कागदावर लिहून न्या, आणि झोपून-उभं राहून बीपी बघायला सांगा. फिजिओला फोन करताना बॅलन्सचं आणि जमिनीवरून उठायचं शिकवता का हे आधीच विचारा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी हेच लिहून दिलंय, ते आता पहिल्या मजल्यापर्यंत उतरतात.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेआठला आम्ही काही जणी संघाच्या हॉलमध्ये खुर्च्या धरून हेच व्यायाम करतो. फिजिओने येऊन एकदा सगळ्यांना बघून दिलंय, पैसे नाहीत. येणाऱ्यांनी मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालून या, पाण्याची बाटली आणा, आणि चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारून मगच या.